रेंज फुल्ल, तरी वळणावर फोन कट! टॉवर बदलताना नेमकं होतं काय? जाणून घ्या

कोल्हापूर : गगनबावड्याचा घाट असो, आजऱ्याहून आंबोलीकडं जाणारा रस्ता असो, नाहीतर चंदगडकडून तिलारीचा उतार असो. चालत्या एसटीत कुणी फोनवर बोलत असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "हॅलो... हॅलो... आता येतंय का ऐकू?" पाठोपाठ फोन कट.

मग सगळ्यांचं एकच म्हणणं, इथं टॉवरच नाही. ग्रामसभेत ठराव होतो, निवेदन दिलं जातं, टॉवरची मागणी होते. बऱ्याच वाड्या-वस्त्यांसाठी ती मागणी शंभर टक्के खरी आहे. पण काही जागा अशा असतात की वळणाच्या अलीकडं रेंज चांगली, पलीकडंही चांगली, आणि फोन तुटतो तो मधल्या शंभर-दोनशे फुटांत. रोज, त्याच जागी. अशा ठिकाणी दुखणं बहुतेक वेळा टॉवर नसण्याचं नसतं. एका टॉवरनं तुमचा फोन दुसऱ्या टॉवरच्या हवाली करायचा असतो, ते काम तिथं फसतं. हे दुखणं कधी कधी नवा टॉवर न उभारताही बरं होतं. म्हणून दोन्हीतला फरक गावकऱ्यांना ओळखता यायला हवा. आता दूध संघाचा हिशेब, खताचे पैसे, ओटीपी, ई-पीक पाहणी सगळं याच फोनवर आल्यानं मधेच तुटलेल्या नेटची किंमत नुसत्या "हॅलो हॅलो"वर भागत नाही.

पालखी थांबत नाही, खांदा बदलतो

एक टॉवर सगळा तालुका सांभाळत नाही. प्रत्येक टॉवरला ठरावीक इलाखा वाटून दिलेला असतो. त्या इलाख्याला इंग्रजीत सेल म्हणतात, त्यावरूनच 'सेल फोन' हे नाव पडलं. मोठ्या भागाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या अभियंत्यांनी 1947 मध्येच मांडली होती. आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला तो 31 जुलै 1995 रोजी, कलकत्त्याहून दिल्लीला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो लावला होता.

तुकडे पाडले की प्रश्न उभा राहतो. माणूस बोलत बोलत एका तुकड्यातून दुसऱ्यात गेला तर? इथं पालखीची आठवण काढावी. पालखी चालती असते, भोई दमतात, नवे भोई बाजूनं चालत येतात, ताल धरतात आणि खांदा बदलतात. पालखी जमिनीला टेकत नाही. मोबाईलमध्ये याला हँडओव्हर म्हणतात. आपण इथं त्याला खांदेपालट म्हणू.

बोलणं किंवा नेट सुरू असताना तुमचा फोन गप्प नसतो. चालू टॉवरची ताकद तो मोजत असतोच, शेजारच्या टॉवरचीही मोजतो आणि तो हिशेब चालू टॉवरला कळवतो. शेजारचा टॉवर आपल्यापेक्षा ठरावीक फरकानं वरचढ दिसला आणि ते थोडा वेळ टिकलं, की टॉवर ठरवतो, आता याला तिकडं द्यायचा. तो शेजारच्या टॉवरला विचारतो, जागा आहे का? जागा असेल तर तो फोनला निरोप देतो, अमुक टॉवरकडं जा. फोन जातो. वाटेत आलेला डेटा जुना टॉवर नव्याकडं पाठवून देतो. 4जीमध्ये मधला खंड साधारण 50 मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे पापणी लवायच्या आत काम झालेलं असतं. कोल्हापूर ते पुणे प्रवासात असं कितीतरी वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

"ठरावीक फरकानं वरचढ" ही अट मुद्दाम घातलेली आहे. दोन टॉवरच्या शिवेवर उभ्या माणसाच्या फोनला कधी हा टॉवर जोरात वाटतो, कधी तो. जरा फरक पडला की उडी, असं ठेवलं तर फोन दोघांमध्ये टोलवत राहील. म्हणून थोडी सबुरी ठेवली जाते. पण हीच सबुरी घाटात अंगाशी येते.

सपाट रानात एक टॉवर हळूहळू कमी होतो आणि दुसरा हळूहळू वाढतो, खांदा बदलायला भरपूर वेळ मिळतो. घाटातल्या वळणावर मात्र गाडी कड्याच्या आड गेली की जुना टॉवर एकदम गायब होतो. फोननं शेजाऱ्याची ताकद मोजून कळवायची, टॉवरनं हुकूम द्यायचा, हे सगळं जुन्या टॉवरच्याच वाटेनं व्हायचं असतं. ती वाटच बंद झाली तर हुकूम फोनपर्यंत येत नाही. जुन्या भोयानं खांदा काढला, नवा अजून पोहोचलाच नाही. फोन मग एकटाच नवा टॉवर शोधतो, सापडला तर तुटलेला धागा जोडायचा प्रयत्न करतो. लगेच जमलं तर आवाज क्षणभर जाऊन परत येतो. उशीर झाला तर कॉल गेलाच.

दुसरं कारण माणसाचं आहे. कुठला टॉवर कुणाचा शेजारी, याची यादी कंपनीच्या यंत्रणेत भरलेली असते. काही यंत्रणा ती आपोआप तयार करतात, पण त्यातही चुका राहतात. डोंगराच्या पल्याडचा टॉवर नकाशावर लांब दिसतो, पण खिंडीतून त्याची रेंज सरळ रस्त्यावर येते. यादीत त्याचं नावच नसेल तर तो कितीही जोरात असला तरी फोन त्याच्या हवाली होणार नाही. हे दुरुस्त करायला कंपनीच्या कार्यालयात बसूनही जमतं. कधी अँटेनाचा कोन थोडा बदलावा लागतो. नवीन जागा, नवीन खांब, नवीन वीज कनेक्शन यातलं काहीच लागत नाही.

जुन्या 3जीमध्ये एक चांगली गोष्ट होती. उसाला पाणी पाजणारा माणूस पुढच्या सरीचं दार आधी फोडतो, मग मागच्या सरीचं बुजवतो. पाणी कुठं तुंबत नाही. 3जीचा फोन तसाच एकाच वेळी दोन-तीन टॉवरशी बोलू शकायचा, नवा पक्का झाल्यावर जुना सोडायचा. 2जी आणि 4जीमध्ये आधी एक सोडून मग दुसरा धरतात. 4जी इतकं चपळ आहे की एरवी फरक जाणवत नाही, पण वळणावर जाणवतो.

फोन खिशात असताना

बोलणं सुरू नसताना टॉवर निवडायचं काम फोन स्वतःच करतो. मग आलेला कॉल त्याला सापडतो कसा? उसाची टोळी आज कुठल्या फडात आहे हे चिटबॉयला ठाऊक असतं, पण कुठला माणूस कुठल्या सरीत कोयता चालवतोय हे त्याला माहीत नसतं. निरोप द्यायचा तर तो फडाच्या बांधावर उभा राहून हाक मारतो. मोबाईल कंपनीचंही तसंच. दहा-वीस किंवा जास्त टॉवरचा मिळून एक पट्टा केलेला असतो. तुमचा फोन कुठल्या पट्ट्यात आहे एवढीच नोंद कंपनीकडं असते. कॉल आला की त्या पट्ट्यातले टॉवर हाक मारतात, फोन ओ देतो. पट्टा ओलांडला की फोन गुपचूप नवी नोंद करतो. ती नोंद होत असतानाच किंवा फोन रेंजबाहेर असताना कुणी कॉल लावला तर त्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं, आणि इकडं माणूस म्हणतो, फोन तर हातातच होता की!

रेंज अगदी बारीक असलेल्या जागी फोनची बॅटरी लवकर उतरते तीही याच कामामुळं. लांबच्या टॉवरला ऐकू जावं म्हणून फोनला जोर लावावा लागतो, शिवाय टॉवर शोधत राहावं लागतं.

चंदगडकरांचा वेगळाच घोळ

टेलिकॉम खात्याचा नकाशा आणि राज्याचा नकाशा एक नाही. मोबाईलच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे, मुंबईचं सर्कल वेगळं आहे, कर्नाटकचं वेगळं. त्यामुळं चंदगडहून तिलारीमार्गे गोव्यात उतरलं तर राज्य बदलतं, सर्कल बदलत नाही. बेळगावकडं गेलं तर दोन्ही बदलतं. हद्दीजवळच्या गावात घरी बसूनच "कर्नाटकात स्वागत आहे" असा मेसेज येतो, कारण फोननं पलीकडचा जोरातला टॉवर धरलेला असतो.

सर्कलच्या हद्दीवर खांदेपालट व्हायची तर कंपनीनं दोन्हीकडची यंत्रणा तशी जोडून ठेवलेली असावी लागते. जोडलेली नसेल तर चालू कॉल हद्दीवर तुटतो आणि पुन्हा लावला की लागतो. काही फोनमध्ये सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग' बंद असेल तर पलीकडच्या टॉवरवर कॉल लागतो, नेट मात्र चालत नाही. हद्दीजवळ राहणाऱ्यांनी हे बटण एकदा तपासून घ्यावं. हल्लीच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशातल्या रोमिंगला जादा पैसे लागत नाहीत, तरी आपला प्लॅन बघून घेतलेला बरा.

4जीवरून 2जीवर, आणि परत नाही

सगळ्या कंपन्यांचं जाळं सारखं नाही. जिओ सप्टेंबर 2016 मध्ये आली तीच 4जी घेऊन, तिच्याकडं 2जी-3जी नाहीच. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्याकडं 2जी आहे. 4जीचा इलाखा संपला आणि पुढं 2जी असेल तर त्यांचा चालू कॉल 2जीवर उतरवता येतो. आवाजाचा दर्जा पडतो, पण कॉल टिकतो. एकदा 2जीवर उतरलेला कॉल बहुतेक वेळा तो संपेपर्यंत तिथंच राहतो, आणि तोवर त्या सिमचं नेट बंदच असतं. पुढं 4जीचे चार दांडे मिळत असूनही कॉल चालू असताना व्हॉट्सॲप हलत नाही, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. कॉल ठेवून नवा लावला की काम होतं. फोनमधलं 'व्होल्टे' बटण बंद असेल तर 4जीचा फोन कॉलसाठी जुन्या जाळ्याकडंच धावतो, ते सुरू असावं.

5जी देशात ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. जिथं ते जेमतेम पोहोचतं तिथं फोन 4जी आणि 5जी यांत सारखा ये-जा करतो. अशा गावात सेटिंगमध्ये जाऊन काही दिवस फक्त 4जी ठेवून बघायला हरकत नाही. वेग थोडा कमी वाटेल, पण तुटणं कमी होऊ शकतं.

वायफायमधून बाहेर पडताना

आतापर्यंतची सगळी खांदेपालट एकाच कंपनीच्या घरातली होती. घरातलं वायफाय सोडून सिमच्या नेटवर गेलं की प्रश्न वेगळा होतो, कारण तिथं दोन भोई एकमेकांना ओळखतच नाहीत.

इंटरनेटवर प्रत्येक फोनला एक पत्ता मिळतो. एकाच कंपनीत टॉवर बदलला तरी हा पत्ता साधारण तोच राहतो, कारण तो टॉवरवर नसतो, मागं कंपनीच्या मोठ्या केंद्रात बांधलेला असतो. वायफायवरून सिमवर गेलं, किंवा एका सिमचं नेट बंद होऊन दुसऱ्या सिमचं सुरू झालं, की पत्ता बदलतो. बँकेचा सर्व्हर मात्र उत्तर जुन्याच पत्त्यावर धाडतो. घर बदललेल्या माणसाची मनीऑर्डर जुन्या दारावर जावी तसं.

यावर तोडगे काढायचे प्रयत्न बरेच जुने आहेत. 1996 मध्येच 'मोबाईल आयपी' नावाची पद्धत ठरली. मूळ गावचं पोस्ट ऑफिस पत्र घेतं आणि माणूस असेल तिकडं पुढं धाडतं, असाच तिचा प्रकार. सामान्य फोनमध्ये ती फारशी रुजली नाही. आता 'क्विक' नावाची पद्धत वापरात आहे, तिचं प्रमाण 2021 मध्ये ठरलं. तिच्यात पत्त्यापेक्षा जोडणीचा नंबर महत्त्वाचा. तहसील कार्यालयात अर्जाची पावती दाखवली की तुम्ही कुठल्या गावाहून आलात हे कुणी विचारत नाही, नंबरवरून कागद सापडतो. तसंच इथं पत्ता बदलला तरी नंबरवरून धागा पुढं चालू ठेवता येतो. यूट्यूब ही पद्धत वापरतं. पण सगळी ॲप, सगळ्या बँका, सगळ्या सरकारी साइट ती वापरत नाहीत.

यूट्यूबला आणखी एक फायदा असतो. तो पुढच्या काही सेकंदांचा व्हिडिओ आधीच साठवून ठेवतो, त्यामुळं मधला खंड दिसत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज गेला नाही तर घड्याळाचं चिन्ह दाखवून थांबतो आणि नेट आलं की आपोआप जातो. बोलण्याच्या कॉलला मात्र साठा करायची सोय नाही, आणि पैशाच्या व्यवहाराला तर नाहीच नाही.

आणखी एक त्रास सगळ्यांनी सोसलेला असतो. घराच्या गोठ्यापाशी वायफाय एका दांड्यावर आलेलं असतं, चालत काहीच नाही, पण फोन ते सोडायला तयार नसतो. वायफाय कधी सोडायचं हे फोन ठरवतो, टॉवर नाही, आणि बरेच फोन त्याला शेवटपर्यंत चिकटून राहतात. रानात निघताना वायफाय हातानं बंद करावं. दोन सिमवाल्या फोनमध्ये 'डेटा आपोआप बदला' अशी सोय असते, पैसे पाठवताना तीही बंद असलेली बरी.

वायफायचा एक मोठा उपयोग मात्र अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. घरात फायबर आलंय, पण रेंज नाही, अशी घरं डोंगरी भागात बरीच आहेत. त्यांनी फोनमधलं 'वायफाय कॉलिंग' सुरू करावं. एअरटेलनं डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओनं जानेवारी 2020 मध्ये ही सोय आणली. वेगळं ॲप लागत नाही, नेहमीच्याच नंबरवरून कॉल लागतो आणि येतो. बोलत बोलत अंगणात गेलं आणि बाहेर त्याच कंपनीचं चांगलं 4जी असेल तर कॉल तिकडं सरकतोही. बाहेर 4जी नसेल तर उंबऱ्याबाहेर तो तुटणारच.

पैसे गेले की नाही?

चालत्या गाडीतून यूपीआय केलं, पिन टाकला, गोल फिरत राहिलं आणि नेट गेलं. या वेळी होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे लगेच पुन्हा पैसे पाठवणं.

पिन टाकल्यावर तुमच्या फोनचं काम जवळजवळ संपलेलं असतं. विनंती एकदा बँकेकडं पोहोचली की पुढचं सगळं बँका आणि एनपीसीआय यांच्या यंत्रणेत होतं, तिथं तुमच्या रेंजचा संबंध नाही. पैसे जाऊन पोहोचलेलेही असू शकतात आणि फक्त "झालं" हा निरोप तुमच्यापर्यंत आलेला नसतो. किंवा विनंती गेलीच नसते. फोनच्या पडद्यावरून हे दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून आधी रेंजमध्ये या, एका जागी उभे राहा, ॲपमधली जुन्या व्यवहारांची यादी उघडा आणि बँक खात्यातली शिल्लक बघा. समोरच्याला त्याचं खातं तपासायला सांगा. त्यानंतरच काय ते ठरवा. व्यवहाराचा नंबर जपून ठेवा.

खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक कामाला येतं. माणसानं माणसाला पाठवलेल्या पैशांबाबत व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत 5 दिवसांची आहे. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. ती मागावी लागू नये असं त्या परिपत्रकात आहे, पण प्रत्यक्षात तक्रार नोंदवलेली असली की बँक लवकर हलते. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तक्रारीचा पर्याय दिसतो. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करायला जाऊ नका, फसवणूक करणारे तिथंच जाळं लावून बसतात.

नेट अजिबात धरत नसेल पण कॉल लागत असेल तर *99# हा मार्ग आहे. त्याला इंटरनेट लागत नाही. ओटीपीचा मेसेजही इंटरनेटवर अवलंबून नसतो. ओटीपी येत नसेल तर नेट चालू-बंद करत बसण्यापेक्षा रेंजच्या जागी जाणं सोपं.

ई-पीक पाहणीचा फोटो शेतातच काढायचा असतो, पण माहिती अपलोड करताना बांधावरून चालत राहू नये. गेली की नाही हे पक्कं बघूनच ॲप बंद करावं.

पावसात रेंज जाते?

हे अर्धंच खरं आहे. फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही. पण बरेच डोंगरी टॉवर एकमेकांना गोल डिशनं जोडलेले असतात. त्या डिशच्या लहरींतल्या काही इतक्या बारीक असतात की धो-धो पावसात त्या कमजोर पडतात. दुसरं म्हणजे वीज जाते, बॅटरी संपते आणि टॉवर झोपतो. खांदेपालटीच्या साखळीतला एक भोई कमी झाला की शेजारच्या गावातही कॉल तुटायला लागतात.

फोनवरचे दांडे फक्त फोन आणि टॉवर यांच्यातली ताकद दाखवतात. टॉवरच्या मागची लाईन तुटली असेल किंवा टॉवरवर गर्दी असेल, तरी दांडे फुल्लच राहतात. म्हणून "रेंज फुल्ल, नेट गुल्ल" हे शक्य आहे.

तक्रार करताना काय सांगाल?

नुसतं "आमच्या गावात रेंज नाही" असं कळवल्यानं काम पुढं सरकत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी', मग सिमची स्थिती, असं गेलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. 4जीमध्ये उणे 90 च्या आसपास असेल तर चांगलं, उणे 110 च्या खाली गेलं तर कमजोर, आणि उणे 120 जवळ आलं की कॉल तुटायची तयारी ठेवायची. वळणाच्या दोन्ही बाजूंना थांबून आकडा लिहून घ्या. दोन्हीकडं चांगला आणि मधेच कॉल तुटतो, तोही त्याच जागी, तर खांदेपालटीची तक्रार करा. दोन्हीकडंच उणे 115-120 असेल तर टॉवरचीच मागणी करा.

कंपनीला 198 वर फोन करून जागा, वेळ, कुठून कुठं जात होता, कुठला सिम, हे सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. एकाच वळणाच्या दहा जणांच्या तक्रारी असल्या तर त्या बाजूला टाकणं अवघड जातं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडंच करावी लागते. तिथं दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्यानंतर केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल आहे. ट्रायचं 'मायकॉल' ॲप घेतलं तर कॉल कसा झाला याची नोंद थेट त्यांच्याकडं जाते. ट्रायच्या 2024 च्या नियमांनुसार कंपन्यांना कुठं कुठलं नेटवर्क आहे याचा नकाशा आपल्या वेबसाइटवर द्यावा लागतो. नकाशात आपलं गाव रंगवलेलं असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल, तर त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडावा.

तुटलेल्या कॉलला 1 रुपया भरपाई द्यावी असा आदेश ट्रायनं 2015 मध्ये काढला होता, सर्वोच्च न्यायालयानं तो मे 2016 मध्ये रद्द केला. कॉल तुटण्याचे निकष आहेत, पण ते सरासरीचे असतात. शहरातल्या हजारो चांगल्या कॉलखाली घाटातलं एक वळण सहज झाकून जातं. म्हणून जागा नेमकी सांगणं महत्त्वाचं.

एका कंपनीचा टॉवर आहे, पण आपल्याकडं दुसऱ्या कंपनीचं सिम आहे, अशीही अडचण असते. एरवी फोन दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरत नाही. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचा टॉवर वापरता येईल अशी सोय केंद्रानं जानेवारी 2025 मध्ये सुरू केली. आपल्या भागातला टॉवर या योजनेतला आहे का, हे ग्रामपंचायतीनं विचारून घ्यायला हवं.

अपघात किंवा आजारपणाची वेळ असेल तर 112 लक्षात ठेवा. फोनवर आपल्या कंपनीची रेंज नसून "फक्त आणीबाणी कॉल" असं दिसत असेल, तर आसपास दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर आहे असा त्याचा अर्थ. 112 लावला की फोन त्या टॉवरवरून कॉल करू शकतो, ही मोबाईलच्या मानकातच ठेवलेली सोय आहे. इतर नंबर तिथून लागतीलच असं नाही. कॉल लागला की गाडी थांबवून बोला, आणि पहिल्या वाक्यातच जागा सांगा.